गाण्याच्या वेड्यांवरची पुस्तकं कान उघडे ठेवून वाचा

संगीताच्या नादाने झपाटलेल्या माणसांवरचं पुस्तक हातात आलं की मधलंच एखादं पान उघडून बघा. रेकॉर्डचा वेग, सुईची जाडी, टेपची लांबी, कुठली बाजू, कितवा टेक (म्हणजे तेच गाणं कितव्यांदा मुद्रित केलेलं) असलं काही सापडलं तर ते पुस्तक वाचायला घ्या. "दिवसरात्र ऐकत बसायचा, संसाराकडे लक्ष नव्हतं" एवढ्यावरच भागवलं असेल तर खुशाल खाली ठेवा. अशा लेखकाला त्या माणसाचा फक्त विक्षिप्तपणा दिसलाय, तो काय ऐकत होता ते त्याच्या कानावर पडलेलंच नाही.

डीन बेनेडेट्टीचंच बघा. स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा हा तरुण १९४७-४८ मध्ये जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याचं वादन टिपायला ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन क्लबांत जायचा. पार्करने वाजवायला घेतलं की यंत्र चालू, दुसऱ्या कुणी सूत्रं हाती घेतली की बंद. दोन ओळींत सांगितलं तर हे नुसतं खूळ वाटतं. पण सुरुवातीला त्याच्याकडे तबकडी कोरणारं यंत्र होतं आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम काही मिनिटं मावायची. ती पियानोवाल्यावर खर्च केली तर पार्करची पुढची झेप हातची गेली! नंतर त्याने कागदी पट्टीची टेपही वापरली. लोक मात्र वर्षानुवर्षं सांगत राहिले की त्याने धातूच्या तारेवर ध्वनिमुद्रण केलं. १९८८ मध्ये खरा साठा सापडला, १९९० मध्ये मोझेक या रेकॉर्ड कंपनीने तो ७ सीडींच्या संचात काढला, तेव्हा कुठे खरं काय ते कळलं. ऐकताना मात्र एका बैठकीत १०-१५ मिनिटंच ऐका. अर्ध्यातून सुरू होऊन अर्ध्यातच तुटणाऱ्या तुकड्यांनी कान लवकर थकतो, आणि मग सगळं सारखंच वाटायला लागतं.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांबद्दल वाचत असाल तर दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असू द्या. पहिली सुईची. या लाखेच्या रेकॉर्डची चर रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डची सुई १८ ते २५ मायक्रॉनची. ती या चरीच्या तळाशी जाऊन घासते, गाणं मागे पडतं आणि खरखर पुढे येते. दुसरी वेगाची. जुन्या रेकॉर्डींवर ७८ छापलेलं असलं तरी मुद्रण त्याच वेगाने झालं असेल असं नाही. ७४ ला मुद्रित केलेली रेकॉर्ड ७८ ला लावली की सूर हार्मोनियमच्या जवळजवळ एका पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनच्या आसपास ऐकू येतं, आवाजही कोवळा वाटतो. एकाच रेकॉर्डच्या वेगावरून संग्राहक वर्षानुवर्षं भांडतात ते उगीच नाही. गायकाचा खरा गळा कोणता, याचा तो वाद असतो.

पॅरामाउंट या जुन्या अमेरिकी लेबलची गोष्ट तर वाचायलाच हवी. ते खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीचं होतं. ज्यांवरून रेकॉर्डी काढतात ते मूळ धातूचे साचे जवळजवळ सगळे नाहीसे झाले. त्यामुळे ब्लूज गायक चार्ली पॅटनचं त्या लेबलवरचं गाणं आज आपण ऐकतो ते कुणीतरी जपलेल्या झिजलेल्या रेकॉर्डींवरून. संग्राहकाची चिकाटी इथे थेट कानाला ऐकू येते.

वाचताना गाणं लावाच, पण लांबी तपासून. १० इंची ७८ च्या एका बाजूवर साधारण ३ मिनिटं मावतात. पुस्तकात तशा रेकॉर्डचं वर्णन असेल आणि ॲपवर ५ मिनिटं दिसत असतील तर ते नंतरचं सादरीकरण असणार. लेखक ज्या हरकतीवर जीव टाकतो, ती त्यात सापडायची नाही. लांबी जुळूनही आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर खरखर काढताना वरचे स्वरही पुसले गेलेत असं समजा आणि कमी साफ केलेली प्रत शोधा. पहिल्या मिनिटाला खरखर बोचते. मग कान तिला बाजूला सारतो आणि श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. तिथे पुस्तक मिटून ती बाजू संपेपर्यंत ऐका, पुढचं प्रकरण नंतर.