अवांतर उडवले की मुस्कटदाबी होते काय?

लातूरपासून परभणीपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जिथे नाव न सांगता लिहिता येते त्या चर्चामंडळावर मॉडरेटरला, म्हणजे चर्चेवर देखरेख करणाऱ्याला, काही कामच नाही, विषयाबाहेरचा प्रतिसाद काढणे ही घटनेची पायमल्ली आहे, असली मंडळे मुळात नियमांशिवायच जन्मली, ज्याला नको असेल त्याने न वाचता पुढे जावे, निनावी लिहिणाऱ्याला तसेही कोणी काही करू शकत नाही, आणि मॉडरेटर आपल्या माणसांचे ठेवून इतरांचे उडवतात. शेतमालाच्या भावावर बोलणाऱ्या अशाच एका लहान निनावी मंडळाची झाडलोट मी चार वर्षांपासून करतो, तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

घटनेचा मुद्दा सर्वात जोरात मांडला जातो, म्हणून तो आधी घेतो. अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः सरकारपासून संरक्षण देते. जानेवारी 2023 मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने हा हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतो असे म्हटले, हे खरे आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला ते माहीत असते तर त्याने ते नक्कीच वापरले असते. परंतु बोलण्याचा हक्क म्हणजे हव्या त्या मथळ्याखाली बोलण्याचा हक्क, असा अर्थ त्यातूनही निघत नाही. सोयाबीनच्या धाग्यातून, म्हणजे त्या एका विषयावरच्या चर्चेतून, काढलेले राजकारण राजकारणाच्या धाग्यात लिहायला आमच्याकडे कोणाचीही आडकाठी नाही.

नियमांशिवाय जन्मल्याची गोष्ट तर निव्वळ ऐकीव आहे. निनावी मंडळांचा आद्य नमुना मानले जाणारे जपानचे ‘टू-चॅनेल’ हिरोयुकी निशिमुरा यांनी 1999 मध्ये सुरू केले. तिथे विषयवार विभाग होते आणि प्रतिसाद काढण्यासाठी स्वयंसेवक नेमलेले होते. 2003 मध्ये क्रिस्टोफर पूल यांनी काढलेल्या ‘फोरचॅन’वर असे काम करणाऱ्यांना चक्क झाडूवाले म्हणतात, आणि तिथे वाटेल ते लिहिण्यासाठी वेगळा विभाग राखून ठेवलेला आहे, याचाच अर्थ बाकीच्या विभागांत वाटेल ते चालत नाही.

‘पुढे जा, वाचू नका’ हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण तो देणाऱ्याला ही मंडळे चालतात कशी हेच माहीत नसावे. इथे नवा प्रतिसाद आला की तो धागा वर येतो आणि बाकीचे एकेक पायरी खाली जातात. अनेक मंडळांवर धाग्यांची एकूण संख्याही बांधलेली असते, त्यामुळे तळाला गेलेला धागा कायमचा पुसला जातो. टू-चॅनेलवर एका धाग्यात 1000 प्रतिसाद झाले की तो बंदच होत असे. म्हणजे जागा मोजकी आहे, आणि एकाने टाकलेले अवांतर दुसऱ्याची जागा खाते. धागा वर न काढता प्रतिसाद देण्याची ‘सागे’ नावाची सोय जपानी मंडळांवर याच कारणाने रूढ झाली. आमच्याकडे एका सकाळी हळदीच्या कंदकुजीवर कोणीतरी फोटोसह प्रश्न विचारला होता. त्याच वेळी आरक्षणावरच्या भांडणाचे तीन धागे दर मिनिटाला वर येत राहिले, आणि दुपारपर्यंत तो प्रश्न एकही उत्तर न मिळता चौथ्या पानावर गेला. विचारणाऱ्याने ‘पुढे जाऊन’ काय साधले असते?

निनावीपणाबद्दल फार लिहीत नाही. नाव दिसत नसले तरी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, बहुधा नोंदला जातो. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ 2015 मध्ये रद्द झाले असले, तरी धमकी आणि बदनामी आजही गुन्हेच आहेत.

उरला पक्षपाताचा आरोप, आणि तो मला संपूर्ण फेटाळता येत नाही. मॉडरेटर चुकतात, क्वचित मुद्दामही चुकतात. त्यावर कारण लिहूनच प्रतिसाद काढणे, शक्य तिथे तो न पुसता योग्य धाग्यात हलवणे आणि काढलेल्यांची नोंद सर्वांना दिसू देणे हे उपाय आहेत. मॉडरेटरच काढून टाकण्याने मात्र पक्षपात सर्वात जास्त वेळ रिकामा असलेल्या माणसाच्या हाती जातो.

माझी एक चूक सांगतो. 2024 च्या दिवाळीनंतर सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, बाजार त्याच्या बराच खाली होता, आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती. ती 15 पर्यंत वाढवण्याचा निर्णय नोव्हेंबरच्या मध्याला झाला. त्याआधी एकाने विचारले, “मॉइश्चर 14 आलंय, माल वाळवू का आडतीवर देऊ?” सगळ्यांनी वाळवा म्हणून सांगितले. त्यावर त्याने लिहिले, “तुळशीचं लगीन झालं की पोरीचं हाय.” लग्नाचा विषय म्हणून मी ते अवांतरात काढले. तासाभराने त्याने पुन्हा लिहिले, “सर, तेच तर कारण हाय, वाळवायला येळ कुठंय?” मी प्रतिसाद परत ठेवला आणि चूक नोंदीत लिहिली, तोवर त्याने माल आडतीवर घातला होता.