चाखायला दिलंय, फुकट प्यायला नाही

सकाळपासून एक रील फिरतेय. आपल्यातल्याच काही जणांनी शेअर केलीय, वर हसऱ्या इमोजी. कॅम्परव्हॅन घ्या, जर्मनीत मोझेल नदीच्या काठी लावा, सायकली काढा आणि दिवसभर या वायनरीतून त्या वायनरीत फुकट पीत हिंडा. बाटली घेण्याचा विषय निघाला की "संध्याकाळी गाडी घेऊन येतो" म्हणायचं आणि निसटायचं. याला म्हणे ट्रॅव्हल हॅक म्हणतात! मी याला लबाडी म्हणते.

रीलमधल्या त्या तरुण मुलामुलींना बघताना मला मोझेलकाठच्या ब्रेम गावातल्या वाइनवाल्या आजी आठवत राहिल्या.

आम्ही दोघं सप्टेंबरात तिकडे होतो. नदीकाठच्या गावांत व्हॅन लावायला खास जागा असतात, श्टेलप्लात्झ म्हणतात त्यांना. दार उघडलं की समोर पाणी आणि संथ जाणारी मालवाहू जहाजं. कोखेम गावाहून सायकलवर निघालो. रस्ता नदीला धरून, जवळजवळ सपाट. पण मान वर केली की छाती दडपते. ब्रेमला नदी मोठा वळसा घेते आणि तिथेच काल्मोंटचा डोंगर आहे. त्याचा उतार काही ठिकाणी 65 अंशांच्या घरात आणि त्यावर द्राक्षवेली! तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावरून सरकणारी छोटी गाडी माणसं आणि क्रेट वर नेते, बाकी छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हातांनी. पायाखाली स्लेटचे सुटे कपचे. हाच दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून रीसलिंग हे उशिरा पिकणारं वाइनचं द्राक्ष तिथे धरतं. असे कितीतरी उभे मळे आज ओस पडलेत, कारण एवढे कष्ट करायला माणसंच उरली नाहीत.

आजींच्या अंगणात आमच्या आधी एक घोळका बसला होता. सगळ्या वाइन चाखल्या, जुन्या सालातली उघडायला लावली, फोटो काढले आणि हसत सायकलींवर बसून गेले. एकही बाटली घेतली नाही. आजींनी ग्लास गोळा केले. एका ग्लासात ती जुनी वाइन तशीच राहिली होती.

सायकलवर बाटल्या किती नेणार? मान्य. मग एक घ्या. आवडलीच नाही तर घेऊ नका, तेही बरोबर. पुष्कळ ठिकाणी चाखण्याचे पैसे लावतात, तिथे ते मुकाट द्या. पण न घेण्याचं आधीच ठरवून एखाद्या म्हातारीच्या दारात बसायचं आणि वर इतरांना ते शिकवायचं? बेशरमपणा आहे हा.

आणि ते ‘दिवसभर पीत सायकल’ प्रकरण! जर्मनीत रक्तातलं अल्कोहोल 1.6 प्रति हजारवर गेलं की सायकल चालवणंही फौजदारी गुन्हा आहे. वेडीवाकडी चालवलीत किंवा अपघात केलात तर 0.3 लाही अडकू शकता. त्या वाटेवर लहान मुलं सायकल चालवत असतात. चाखलेली वाइन न गिळता थुंकायला वायनरीत भांडं ठेवतात, ते वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

एवढं तापून लिहिल्यावर आता जरा शांत झालेय. शेअर करणाऱ्यांनो, तुम्ही आजींच्या समोर बसला असता तर असं वागला नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण त्या घोळक्यानंतर आम्ही टेबलाशी बसलो, तेव्हा त्यांनी आमच्या ग्लासातही तितकंच सढळ हाताने ओतलं. निळ्या आणि लाल स्लेटचे तुकडे हातात देऊन कुठली वाइन कुठल्या उतारावरची ते सांगितलं. आधीच्यांचा राग आमच्यावर काढला नाही. मला नसतं जमलं.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी: वर्षातले जेमतेम चार महिने उघडणाऱ्या, वाइनवाल्यांच्या घरच्या छोट्या खानावळी शोधा. दारावर फांद्यांची जुडी किंवा झाडू टांगलेला दिसेल. तिथे वाइनबरोबर जेवणही मिळतं आणि आपण जे खातोपितो त्याचे पैसे सरळ त्या घरात जातात. जास्त झालीच तर सायकल हातात धरून पुढच्या स्टेशनापर्यंत चालत जा. ट्रेनमध्ये सायकल नेता येते, कोखेमला परत यायला फार वेळ लागत नाही.