‘टॅप्स’ मृत मुलाच्या खिशात सापडलं नव्हतं

अमेरिकी लष्करी तळांवर रात्री बिगुलावर वाजणाऱ्या ‘टॅप्स’ या सुरावटीबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फॉरवर्ड होते आहे. १८६२, अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध, व्हर्जिनियातलं हॅरिसन्स लँडिंग. उत्तरेच्या सैन्यातला कॅप्टन रॉबर्ट एलिकॉम्ब अंधारात एका जखमी सैनिकाला ओढत आणतो. कंदील धरून बघतो तर तो त्याचाच मुलगा, प्राण गेलेला, अंगावर दक्षिणेचा गणवेश. खिशात मुलानेच रचलेल्या सुरावटीचा कागद. दफनाला बँड मिळत नाही, एकटा बिगूलवाला मिळतो आणि तो तीच सुरावट वाजवतो.

आधी कॅप्टन. त्या मोहिमेतल्या उत्तरेच्या सैन्यात या नावाचा कॅप्टन असल्याची नोंदच नाही. म्हणजे बापही नाही आणि मुलगाही नाही.

मुलाने सुरावट रचली, हेही टिकत नाही. ‘टॅप्स’ निघालं ते १८३५ च्या लष्करी पुस्तिकेत छापलेल्या ‘टॅटू’ या बिगुलाच्या जुन्या इशाऱ्याच्या शेवटच्या भागातून. युद्धाच्या किती तरी आधीपासून ते सूर छावण्यांत वाजत होते.

हॅरिसन्स लँडिंग मात्र खरं आहे, आणि तिथे जे घडलं ते बनावट गोष्टीपेक्षा मला कितीतरी मोलाचं वाटतं. जुलै १८६२ मध्ये सात दिवसांच्या लढायांनी थकलेलं सैन्य तिथे पडाव टाकून होतं. ब्रिगेडचे प्रमुख जनरल डॅनियल बटरफिल्ड यांना दिवे मालवण्याचा नियमातला इशारा फार औपचारिक वाटे. त्यांनी आपला बिगूलवाला ऑलिव्हर नॉर्टन याला बोलावलं आणि एका पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले सूर वाजवायला लावले. नॉर्टनने ते पुन्हा पुन्हा वाजवले. बटरफिल्ड एखादा सूर लांबवायला सांगत, एखादा आखूड करायला. मनासारखं जमल्यावर हुकूम झाला: यापुढे रात्री हेच वाजवायचं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ब्रिगेडचे बिगूलवाले सुरांची नक्कल मागायला आले. हे सगळं नॉर्टनने स्वतः १८९८ मध्ये पत्रात लिहून ठेवलं आहे. ज्या माणसाने ते पहिल्यांदा वाजवलं, त्याचंच नाव या फॉरवर्डमुळे पुसलं जातं, याची मला चीड येते.

दफनाचा संबंध पूर्ण खोटा नाही. त्याच मोहिमेत तोफखान्याचे कॅप्टन जॉन टिडबॉल यांना एका सैनिकाचं दफन करायचं होतं. शत्रू जवळच होता. मानवंदनेचे तीन बार झाडले असते तर पुन्हा लढाई सुरू झाली असं वाटलं असतं. म्हणून त्यांनी बंदुकांऐवजी ‘टॅप्स’ वाजवून घेतलं. प्रथा पसरत गेली आणि १८९१ मध्ये लष्कराच्या नियमात आली. आधी झोपेचा इशारा, मग अंत्यविधी; क्रम हा असा आहे.

त्यामुळे ‘टॅप्स’ वाजवून तळावर रोज रात्री शोक पाळला जातो, हा समजही चूक. सकाळी ‘रेव्हली’ हा बिगुलाचा इशारा उठवतो. संध्याकाळी ‘रिट्रीट’ आणि ‘टू द कलर’ वाजून झेंडा उतरतो, तेव्हा उघड्यावर असलेले सगळे थांबून झेंड्याकडे तोंड करतात, गाड्याही थांबतात. रात्रीच्या ‘टॅप्स’चा अर्थ दिवे बंद, आवाज बंद, एवढाच. अंत्यविधीला तेच २४ सूर वाजले की गणवेशातले सैनिक सॅल्यूट करतात. रात्रीच्या इशाऱ्यासाठी अमेरिकी हवाई दलाच्या नियमांत असा कोणताही शिष्टाचार सांगितलेला नाही.