विषय क्रमांक चार

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेतून आत्ता घरी आले. पाय धुतले, चहा टाकला, तरी डोकं काही निवेना, म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी अंगठा दाबून पुढे सरकावं, राग येणार नाही.

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट ५८, शिक्षक दोन. दोन म्हणजे हजेरीपत्रकावर. त्यातले सर बीएलओ, म्हणजे निवडणुकीच्या कामाचे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, आहेत, त्यामुळे महिन्यातले कित्येक दिवस मतदार याद्या घेऊन दारोदार. शिक्षण हक्क कायद्यात निवडणूक, जनगणना आणि आपत्तीच्या कामाला सूट आहे, ते मला कुणी कमेंटमध्ये सांगू नका, माहीत आहे. सर गेले की पाच वर्गांना एकट्या बाई. या समितीवर मी ‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हणून आहे. हसू नका. पतसंस्थेत तीस वर्षं पासबुकं भरली एवढंच माझं तज्ज्ञपण, पण गावात दुसरं कुणी तयार होईना.

आजच्या सभेपुढे चार विषय होते. मागच्या सभेचं इतिवृत्त, पोषण आहार, वर्गात फोटो लावणे, आणि चौथा, तिसऱ्या शिक्षकाची मागणी करण्याचा ठराव. पहिले दोन दहा मिनिटांत उरकले. तिसरा साडेदहाला सुरू झाला तो पावणेएकपर्यंत.

कशावरून, ते तुम्ही ओळखलं असेलच. सरस्वतीचा फोटो इतकी वर्षं आहे, तो का काढायचा, ही एक बाजू. मुलींसाठी शाळा सावित्रीबाईंनी काढली, सरस्वतीने काढली का, ही दुसरी. एकाने मोबाइलवर राज्यघटनेचं कलम २८ मोठ्याने वाचलं, सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही म्हणून. लगेच समोरून २५ आलं, धर्मस्वातंत्र्याचं. मग ‘आपली संस्कृती’ आली. ती आणणाऱ्या पंचायत सदस्याची दोन्ही पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या बसने जातात. आणि कलम २८ वाचणाऱ्याचीही तिथेच जातात, त्याच बसने! शेजारी शेजारी बसत असतील. मग कुणीतरी ‘तू कुठल्या पक्षाचा ते बोल आधी’ म्हणालं आणि खुर्च्या सरकल्या.

या सगळ्या वेळात बाई दाराशी उभ्या. एक कान सभेत, एक वर्गात. आतून पहिलीची पोरं ओरडत होती.

मला आमचा चौथीचा वर्ग आठवला. सकाळची शाळा सुरू झाली होती आणि दिपोटी साहेब, म्हणजे शिक्षण खात्याचे डेप्युटी, तपासणीला येणार होते. फोटो पुसायचं काम माझ्याकडे. बाकावर टेबल, टेबलावर मी, हातात ओला फडका. एक फोटो जरा पुढे ओढला तर मागे चिमणीचं घरटं, त्यात तीन पिल्लं, चोची वासून बसलेली. मी ओरडले. गुरुजी आले, खालूनच वाकून बघितलं आणि म्हणाले, “राहू दे. उतर खाली. उडाली की पुसू.” दुसऱ्या दिवशी साहेब आले. भिंतीवर विष्ठेचे ओघळ, फोटोच्या चौकटीतून लोंबणारं गवत. त्यांनी भुवई वर करून विचारलं, हे काय गुरुजी? गुरुजी हात जोडून म्हणाले, “पट तीनने वाढलाय, साहेब.”

हे मी आज सभेत सांगितलं. वाटलं, हसतील, जरा सैल होतील. हसले पण. आणि मग एकाने विचारलं, “फोटो कुणाचा होता?”

मला आठवेना. खरंच आठवेना. घरट्यातली काडी न् काडी डोळ्यांपुढे आहे, एका पिल्लाला पंख कमी होते तेही आठवतंय, पण चौकटीत कोण होतं? म्हटलं, कुणी का असेना.

तेवढ्यात पलीकडच्या आळीतला एक पोरगा, सावित्रीबाईंच्या बाजूचा, शांतपणे म्हणाला, “काकू, तुम्हाला आठवायची गरजच पडली नसेल. माझ्या आईला विचारा. भिंतीवर कुणाचा फोटो नव्हता ते तिला आजही सांगता येतं.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, तेव्हा आलाच. एवढ्याशा पोराने भर सभेत. चालत घरी येईपर्यंत तो निम्मा उतरला. ठीक आहे, फोटोला अर्थ असतो. मान्य.

पण सावित्रीबाईंचा फोटो लावायचा तर त्या घरातलं बाकीचंही आणा ना भिंतीवर. १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी शाळा सुरू केली तेव्हा तिथे शिकवायला स्वतः उभ्या राहिल्या. आणि जोतीरावांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे काय मागितलं? बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शेतकऱ्यांच्या घरातले घ्या, नांगर धरायची लाज वाटणार नाही असे, आणि त्यांना पगार नीट द्या. मास्तर मागत होता तो माणूस! शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात शिक्षण सक्तीचं केलं, पोरं न पाठवणाऱ्या पालकांना दंड लावला. यांच्या जयंतीला आपण नारळ फोडतो आणि मास्तरच्या विषयाला म्हणतो, वेळेअभावी पुढील सभेत. हो, हेच शब्द इतिवृत्तात लिहिलेत आज. सही माझीही आहे खाली.

सरस्वतीवाल्यांना वाटेल ही बया तिकडची. अहो, मी एकादशी करते. आमचे गुरुजी माळकरी होते, आषाढीला रजा टाकून पायी जायचे आणि शाळेत विठ्ठलाचं नावही काढायचे नाहीत. का काढत नाही, असं कुणी विचारलंही नाही. देवीला तुमच्या ठरावाची गरज आहे का हो? तिच्या फोटोखाली तिसरीच्या पोराला वजाबाकी येत नाही, हे तिला बरं वाटत असेल?

टिळक-आगरकरांचं उदाहरण मी द्यायला गेले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावरून केवढे भांडले, पण १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी एकत्र उभी केली, वर्षाच्या आत फर्ग्युसन कॉलेज काढलं. तर सरपंच म्हणाले, आणि १८९० ला टिळक त्याच सोसायटीतून बाहेर पडले, ते सोडलंत होय. पडले, बरोबर आहे सरपंच. कॉलेज राहिलं ना पण?

हे आमच्या गावापुरतं आहे असंही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, जून संपता संपता मागे घेतला. मधले अडीच महिने सगळा महाराष्ट्र भाषेवर बोलत होता, मीही याच भिंतीवर तावातावाने लिहिलं होतं. मराठीसाठी लिहिलं, त्याचा पश्चात्ताप नाही. पण आमच्या शाळेत पहिलीला मराठी तरी कोण शिकवणार हा प्रश्न तेव्हा माझ्याही डोक्यात आला नव्हता.

कुणी म्हणेल, तुमच्या वेळी तरी किती मास्तर होते? एकच होते. चार वर्ग, एक खोली, एक गुरुजी. पण ते दिवसभर तिथेच असायचे, याद्या घेऊन फिरताना मी पाहिल्याचं आठवत नाही. असतील फिरत कदाचित, सुट्टीत. ती चिमणी सापडल्यावर त्यांनी आम्हाला गप्प बसवून मोजायला लावलं, एका तासात चिमणी किती वेळा चारा आणते. चौदा खेपा झाल्या. मग फळ्यावर लिहिलं, सहा तासांत किती? माझा गुणाकार तिथे पक्का झाला. आता आमच्या बाईंना एक तास चिमणी बघत बसायचं म्हटलं तर बाकीच्या चार वर्गांचं काय करायचं? आणि त्यांचा व्हॉट्सअॅप दर पाच मिनिटांनी वाजतो, माहिती भरा, फोटो पाठवा, आजच पाठवा.

त्यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. सभा संपल्यावर सगळे चपला शोधत असताना मी त्यांना म्हटलं, माफ करा हो बाई. त्या म्हणाल्या, “तुम्ही कशाला? दोन्ही फोटो लावायचं ठरलं ते बरंच झालं. फक्त ते ठोकायला कुणाला तरी पाठवा, आमच्याकडे शिपाई नाही.”

हे लिहिता लिहिताच धाकट्या भावाला फोन लावला. मी चौथीत तेव्हा तो दुसरीत, म्हणजे त्याच खोलीत मागच्या बाजूला. विचारलं, घरटं कुणाच्या फोटोमागे होतं रे? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “फोटोचं नाही आठवत, ताई. चौऱ्याऐंशी आठवतंय.”

त्या पोराला मात्र हे सांगणार नाहीये. म्हणेल, बघा, भावालाही आठवत नाही.