मोटिव्हेशनचं दळण

सकाळी सहाला एक वडील स्कूटर चालूच ठेवून पोराला मैदानाच्या कडेला उतरवतात आणि सांगतात, "सर, ह्याला जरा मोटिव्हेट करून ठेवा. आठला न्यायला येतो." गिरणीत दळण टाकून जावं तसं. बारीक का जाडं, तेवढंच सांगायचं राहतं.

मी दिवसा ऑफिसात खुर्ची झिजवतो आणि पहाटे बारा वर्षांखालच्या अठरा पोरांचा फुटबॉल कोच असतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं ऐकून बाहेरचा पाहुणा कुस्तीच्या खासबाग मैदानाचा रस्ता विचारायला लागतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, कोल्हापुरात तालमी फुटबॉलसुद्धा खेळतात, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतल्या धडधाकट माणसांना एकाएकी ताप चढतो. अशा गावात पोरांना वेगळं काय मोटिव्हेट करायचं? पण कट्ट्यावरनं ओरडणं निराळं आणि झोपमोड करून दहा फेऱ्या मारणं निराळं. तिसऱ्या फेरीला निम्म्यांच्या बुटाची नाडी सुटते. एकाच वेळी.

मग मी पोरांना गोल बसवतो आणि थोरामोठ्यांची उदाहरणं देतो. आधी स्वप्नील कुसाळे सांगितला. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक. तीन पोझिशन्स म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, हे मी अंगविक्षेपांसह दाखवलं. पोरं पहिल्यांदाच चिडीचूप. डाव्या बॅकनं हात वर केला.

"सर, पालथं पडून पण पदक मिळतं?"

दुसऱ्या दिवशी चार पोरांनी नेमबाजीच्या क्लासची चौकशी केली.

मग मी ठेवणीतला हुकमी एक्का काढला. खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, तर आपल्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. हे सांगताना माझाच आवाज दाटून येतो, दरवेळी. पोरंही गंभीर झाली. गोलकीपर तर फारच. हा गडी बॉल आला की डोळे मिटतो, पण गोष्ट ऐकताना टक्क उघडे.

"सर, तुमचं घर सोताचं हाय का भाड्याचं?"

"स्वतःचं. हप्ते चालू आहेत अजून."

"म्हंजे आधीच गहाण हाय की!" त्यानं मागं वळून टीमला निकाल सांगितला. "काय उपेग न्हाई रे."

माझ्या भरवशावर ऑलिंपिक नाही, हे अठरा जणांनी निमूटपणे मान्य केलं आणि फेऱ्यांना लागले. त्या दिवशी नाड्यासुद्धा सुटल्या नाहीत. दुःखात माणूस चालत राहतो तसं असावं.

दुधाचाही प्रयोग केला. आमच्या लहानपणी गंगावेशीत म्हशीच्या सडाखालचं फेसाळ दूध मिळणार म्हटलं की आम्ही पन्हाळ्यापर्यंत पळालो असतो. ह्यांना पदरचे पैसे खर्चून नेलं. एकानं विचारलं, "ह्यात चॉकलेट पावडर न्हाई?" दूधवाल्यानं म्हशीकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

परवा शेजारच्या पेठेशी मॅच झाली. मैदानात चिखल, हाफटाइमला आम्ही 0-3. मी सात मिनिटं जीव तोडून बोललो. पोरं ग्लुकोजचा पुडा किती जणांत पुरेल ते मोजत होती. तेवढ्यात तिकडचा एक टिंग्या जाता जाता म्हणाला, "ह्यांच्या गोलात खांब दोन हाईत का तीन?"

संपलं. ग्लुकोज तसंच राहिलं.

दुसऱ्या हाफमध्ये ही पोरं कुठल्या क्लासला जाऊन आली म्हणून मीच बघत राहिलो. कुणाच्या नडगीला लागून गेला ते कळलं नाही, पण एक गोल झाला. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. आमच्या गोलकीपरनं डोळे मिटलेच, पण बॉल पोटावर घेऊन त्याच्यासकट चिखलात बसला. सोडेचना.

हरलो 1-3. चिखलानं माखलेला गोलकीपर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी पाठ थोपटायला हात उचलला. तोंडातली माती थुंकून तो म्हणाला,

"सर, हप्ते जरा लवकर फेडा."