पेडल लावलं की आवाज पडणारच? अजिबात नाही

गिटार वाजवणाऱ्या पोरांमध्ये पेडल्सबद्दल, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायच्या इफेक्टच्या डब्यांबद्दल, एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय, "प्रत्येक पेडल थोडा आवाज खातंच, बफरवालं असेल तर जास्तच खातं, म्हणून सगळी पेडल्स ट्रू बायपास घ्या आणि तरीही आवाज कमी वाटला तर शेवटी बूस्टर लावा." (बफर म्हणजे सिग्नलला लांब जायला ताकद देणारं छोटं सर्किट, ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद केलं की सिग्नल सर्किटला न शिवता सरळ पुढे जातो, आणि बूस्टर म्हणजे आवाज मोठा करणारं पेडल.) हे वाचून चांगली चालणारी पेडल्स विकलेली पोरं मी बघितलीयेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, "प्रत्येक पेडल आवाज खातं". नाही खात. साध्या पॅसिव्ह पिकअपचा (तारांचं कंपन पकडून सिग्नल बनवणारा, बॅटरी न लागणारा गिटारचा भाग) डीसी रेझिस्टन्स साधारण 6 ते 8 किलोओहम असतो आणि बऱ्याच पेडलचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, जितका जास्त तितका सिग्नल कमी ओढला जातो) 500 किलोओहम ते 1 मेगओहम, म्हणजे जाणारा आवाज इतका कमी की कानाला कळणारच नाही. खरं नुकसान होतं ते चुकीची वस्तू मध्ये आली की. माझ्या ओळखीच्या एकाने 25 किलोओहमचं पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल थेट गिटारनंतर लावलेलं, ते असतं कीबोर्ड किंवा बफर केलेल्या सिग्नलसाठी, गिटारला 250 किलोओहमवालं लागतं. तिथे 8 किलोओहमच्या पिकअपचा जवळपास पाव सिग्नल सरळ गेला, ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची धार, तर त्याहून जास्त, आणि बिचारा महिनाभर डिस्टॉर्शनला शिव्या देत होता. तेच पेडल बफरच्या नंतर टाकलं आणि प्रश्न संपला.

दुसरं, "बफर आवाज खातो". हे तर उलटंय! बफरचं कामच सिग्नल सांभाळायचं आहे. केबलला मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, आणि केबल वाढली की तो ट्रेबल खातो. तुमची सगळी पेडल्स ट्रू बायपास असली आणि सगळी बंद असली तर गिटारपासून अँपपर्यंतची अख्खी केबल पिकअपच्या डोक्यावर बसते, 10-12 मीटर झाली की ट्रेबल जातो, आवाज बोथट वाटतो आणि माणूस म्हणतो व्हॉल्यूम पडला. व्हॉल्यूम पडणं आणि ट्रेबल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी कानाने वेगळं करा. सुरुवातीला एक चांगला बफर असला की हा त्रास होत नाही. हां, जुन्या पद्धतीचा फझ (खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) असेल तर तो बफरच्या आधी ठेवा, त्याला थेट पिकअपच आवडतो. आणि काही जुन्या वाहमध्ये (पायाने हलवून 'वा-वा' आवाज काढायचं पेडल) पेडल बंद असतानाही सर्किटचा इनपुट सिग्नलला चिकटून राहतो, ती वाह खरंच टोन खाते. बफरची बदनामी बहुतेक इथूनच झाली असावी असं मला वाटतं.

मग आवाज पडतो कुठे? माझ्या बाबतीत मंडळाच्या कार्यक्रमाच्या साउंडचेकला, गणपतीत, ऐन वेळी. गिटार एकदम पातळ, लांबून आल्यासारखी. मी नॉब फिरवत बसलो, कीबोर्डवाला दादा खाली बसला आणि त्याने एकेक पॅच केबलचा (दोन पेडल जोडणारी छोटी केबल) एल आकाराचा जॅक अंगठ्याने दाबून बघितला, तिसऱ्याला दाबलं की आवाज पूर्ण, सोडलं की परत पातळ. झाकण उघडलं तर मधल्या पिनवरचं सोल्डर सुटलेलं, तार नुसती टेकून होती. बफर आणि ट्रू बायपासचा काही संबंधच नव्हता.

म्हणून असं शोधा. आधी गिटार थेट अँपला लावा, आवाज लक्षात ठेवा. मग एकच पेडल, दोन चांगल्या केबल, आधी बंद ठेवून आणि मग चालू करून. बंद असतानाच पडला तर केबल, जॅक किंवा फूटस्विच बघा (मुंबई-कोकणच्या दमट हवेत जॅक काळे पडतात, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर करा). चालू केल्यावर पडला तर आधी लेव्हलचा नॉब बघा, मग बॅटरी आणि अडॅप्टर. बॉसच्या जुन्या पेडलवर एसीए लिहिलेलं असेल तर ते जुन्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरसाठी आहे, आजच्या 9 व्होल्टवर एकटं लावलं की एलईडी मंद आणि आवाज दबका होऊ शकतो. असं एकेक पेडल वाढवत जा, ज्याच्यावर आवाज पडेल तिथेच थांबा.

राहिला बूस्टर. सोलोला आवाज वर काढायला तो जरूर घ्या, मीही वापरतो. पण खराब केबलच्या नंतर लावलात तर सिग्नलबरोबर खरखर आणि घूंघूंही तेवढीच मोठी होणार, आणि ती पिन ज्या क्षणी पूर्ण सुटेल तेव्हा बूस्टरला मोठं करायला फक्त खरखरच उरेल.