फोर बाय फोर नाही, मग ऑफरोड कसली? गुहागरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

कंपनीच्या जुन्या स्टाफ बसची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी केली, त्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. गुहागर आगारात एकतीस वर्षं एसटी हाकलेल्या माणसाचं गाडीबद्दलचं बोलणं वरवर वाचून सोडता येत नाही. तुमचे आक्षेप चार. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ओढ; मागच्या दोनच चाकांना ओढ असलेल्या गाडीला ऑफरोड, म्हणजे रस्ता नसलेल्या जागी चालणारी, म्हणणं ही वाचकांची दिशाभूल आहे. टपावर सोलर आणि पाण्याची टाकी चढवल्यामुळे ती घाटात डोलणार. असले बदल कायद्यात बसत नाहीत. आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी उभी केलेला फोटो टाकून मी पोरांना नको ते शिकवतो आहे.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं पूर्ण बरोबर आहे. तो फोटो मी काढून टाकला आहे. थंडीत आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, एकेका घरट्यात शंभरच्या आसपास. चाकांखाली वाळू दबते आणि बाहेर आलेली पिल्लं टायरच्या चाकोरीत अडकतात, पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. दापोलीत राहून मला हे ठाऊक होतं, तरी फोटोसाठी गाडी सुरूच्या बनापलीकडे नेली. चूक झाली. आता डांबर किंवा जांभ्याचा रस्ता संपतो तिथेच गाडी थांबते.

आता ऑफरोड. मूळ लेखात मी अमेरिकेतल्या फोर्ड ई-३५० शटल बसांचं उदाहरण दिलं होतं. ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन असलेल्या जुन्या बसा तिकडचे लोक घेतात, खाली फोर बाय फोरचं सगळं सामान बसवतात आणि वाळवंटात नेतात. ते वाचून तुम्हाला वाटलं असणार की मलाही तेच करायचं आहे. तसं नाही. माझं ऑफरोड दोन किलोमीटरचं आहे.

आमची वाडी तुमच्याच तालुक्यात. डांबरी रस्ता देवळापाशी संपतो. पुढे जांभ्याचा चढ, मध्ये एक पऱ्या म्हणजे ओढा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि शेवटी पाखाडी, म्हणजे दगडी वाट. आई चौऱ्याहत्तरची, गुडघे गेलेले. गावच्या घरी शौचालय भारतीय पद्धतीचं, तेही अंगणापलीकडे. चार वर्षं ती शिमग्याला गेली नव्हती. देवाची पालखी दारात येते आणि आपण घरात नसतो, एवढं एकच ती होळीच्या आसपास बोलायची. कमोड, पलंग आणि उभं राहता येईल एवढी उंची असलेली गाडी खळ्यापर्यंत, म्हणजे घरापुढच्या अंगणापर्यंत न्यायची, या एका गरजेतून सगळं सुरू झालं. घरगुती निवासाची, म्हणजे होमस्टेची खोली का घेत नाही, असंही तुम्ही विचारलंत. वाडीत तशी खोली नाही, आणि असती तरी पालखी आमच्याच दारात येते.

एवढ्या वाटेला फोर बाय फोर लागत नाही, पण साधी गाडी तशीच्या तशी चालते असंही नाही. पहिल्याच फेरीत पऱ्यापलीकडच्या लाल चिखलात मागचं डावं चाक जागेवर फिरत राहिलं आणि उजवं ढिम्म उभं. साध्या डिफरन्शियलचा हाच दोष, जिथे पकड कमी तिथेच चाक फिरतं. मग मागच्या टायरची हवा साठवरून पस्तीसवर आणली, चाकांपुढे पट्ट्या टाकल्या, आणि गाडी पहिल्या गिअरात, अॅक्सिलरेटर न वाढवता, आपली आपण वर आली. डिझेल घ्यायचं कारण हेच. इंजिनच्या कमी फेऱ्यांवर त्याची ताकद मिळते. आणि उताराचा नियम मी तुमच्याच लोकांकडून शिकलो, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. डांबरावर परत येताच हवा भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच आहे.

टपाबद्दल मात्र तुमचा गैरसमज झाला. वर फक्त दोन सोलर पॅनल आहेत, चौकटीसकट पंचेचाळीस किलो. ऐंशी लिटरची पाण्याची टाकी पलंगाखाली, मागच्या अॅक्सलच्या थोडी पुढे. बॅटरी जमिनीलगत. सतरा सीट आणि सतरा माणसं म्हणजे तेराशे किलोच्या आसपास, आणि माणसं बसली की त्यांचं वजन सीटच्या उंचीवर. मी आत घातलेलं सगळं सामान वजनकाट्यावर सहाशे वीस भरलं. कुंभार्ली घाट भरल्या गाडीने दोनदा उतरलो, वळणावर गाडी पूर्वीपेक्षा कमी झुकते.

कायद्याचं तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे, आणि इतर वाचकांनीही नीट वाचावं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात तेच सांगितलं. पुढचा अॅक्सल बदलून फोर बाय फोर करायचा विचार मी त्याचमुळे सोडला. चासी, इंजिन, ब्रेक, चाकांचं माप यातल्या कशालाही हात लावलेला नाही. सीट काढण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घेतली, विमा कंपनीला कळवलं. त्यात अडीच महिने गेले आणि तेवढे दिवस गाडी अंगणात उभी होती. ज्यांना धीर नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणात या कामात खरा शत्रू गंज आहे. ही बस लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात माणसं नेणारी. वरून रंग चकचकीत. जमिनीवरची रबरी मॅट उचलली तर खालचं प्लाय काळं पडून भिजलेल्या पावासारखं झालेलं, त्यात कॅन्टीनची दोन कुपनं चिकटलेली. पायरीजवळच्या पत्र्याला पेचकस लावला आणि तो सरळ आरपार जाऊन खालची माती दिसली. तिथला सगळा पत्रा कापून नवा जोडला, इपॉक्सी प्रायमर मारला, पोकळ भागांत मेण फवारलं. जुनं इंजिन ऑइल फासायचा सल्ला अनेकांनी दिला. ते थेंबथेंब गळून शेतात आणि पऱ्यात जातं, म्हणून नाही फासलं.

जुनी गाडी घेणाऱ्यांना अजून एक सांगायचं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा अनेक गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन विकली तर वरून कळत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, सीटच्या पट्टीखाली बोट फिरवा, डॅशबोर्डमागचा वायरिंगचा सॉकेट उघडा. बारीक पिवळट गाळ तिथे राहतोच.

आई या वर्षी शिमग्याला गेली. पालखी खळ्यात नाचली तेव्हा ती व्हॅनच्या दारातल्या पायरीवर बसून होती, मांडीवर ओटीचं ताट घेऊन.

एका गोष्टीत मात्र मला तुमची मदत हवी आहे. दाभोळहून धोपाव्याच्या फेरीबोटीत ओहोटीला गाडी चढवताना मागची पायरी उतारावर घासते. आता मी भरतीची वेळ बघून निघतो, पण कायमचा उपाय हवा. पायरी कापून वर घ्यावी, की मागच्या पाट्यांत, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांत, एक पान वाढवावं? पान वाढवलं तर रिकाम्या गाडीत आईला दणके बसतील अशी भीती वाटते. पुढच्या महिन्यात वाडीला जाताना गुहागरला थांबतो. तुम्ही खाली वाकून पाटे एकदा बघा आणि सांगा, तसं करतो.